‘वांझ’ या एका शब्दामागची अनेक कारणे

१. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय पपायरसांत एक विलक्षण परीक्षा आढळते. स्त्रीच्या योनिमार्गात रात्री कांदा किंवा लसणाची पाकळी ठेवावी आणि सकाळी तिच्या श्वासाला त्याचा वास येतो का ते पाहावे. वास आला तर तिला मूल होईल; न आला तर होणार नाही. त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनी, १९१९ साली, न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरने स्त्रीच्या गर्भाशयात वायू सोडून तो पलीकडे पोहोचतो का ते पाहिले. प्रश्न दोघांचाही एकच होता : आतली वाट मोकळी आहे का? #थ्रेड #इतिहास

२. या दोन परीक्षांच्या मधल्या काळात स्त्रीच्या वंध्यत्वाची कारणे आणि लक्षणे माणसाला कशी उमगत गेली, त्याचा हा आढावा. मराठीत ‘वांझ’ हा शब्द जमिनीला, गाईला आणि स्त्रीला लागतो. पुरुषासाठी वापरले जाणारे ‘षंढ’, ‘नपुंसक’ हे शब्द संभोगशक्तीविषयी आहेत. शक्ती शाबूत पण बीज निकामी, अशा पुरुषासाठी बोलीत रूढ शब्दच नाही. या इतिहासात शरीररचनेचे अज्ञान जेवढे महत्त्वाचे, तेवढीच भाषेतली ही रिकामी जागाही महत्त्वाची आहे.

३. प्रारंभ इजिप्तपासूनच करणे योग्य. १८८९ साली फ्लिंडर्स पेट्री यांना अल-लाहून येथे उत्खननात काही पपायरस मिळाले. त्यांतील एक ‘काहून स्त्रीरोग पपायरस’ म्हणून ओळखला जातो. त्याचा काळ इ. स. पू. १८०० च्या आसपासचा असून स्त्रीरोगांवरील ज्ञात लेखनात तो सर्वांत जुना समजला जातो. त्यात स्त्रीच्या तक्रारी, त्यांचे निदान आणि उपचार यांची ३४ प्रकरणे आहेत. मूल होईल की नाही हे ओळखण्याच्या परीक्षाही त्यात दिल्या आहेत.

४. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी याच विचाराची दुसरी परीक्षा सांगितली. स्त्रीला वस्त्रांनी गुंडाळून खालून सुगंधी धुरी द्यावी. गंध शरीरातून नाकातोंडापर्यंत पोहोचला तर दोष तिच्याकडे नाही, असा निष्कर्ष काढावा. गर्भाशयापासून मुखापर्यंत सलग मार्ग असतो ही समजूत चुकीची होती. मार्ग कोठेतरी अडल्याने गर्भ राहत नसावा, हा तर्क मात्र पुढे खरा ठरला.

५. भारतीय वैद्यकाने हाच प्रश्न शेतीच्या रूपकातून मांडला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भासाठी चार गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. अंकुर फुटायला योग्य काळ, चांगली जमीन, पाणी आणि सकस बी लागते, तसेच गर्भाचे आहे. या चौकटीत ‘क्षेत्र’ हा चारांपैकी केवळ एक घटक आहे. मूल न होण्याचा सगळा भार जमिनीवर टाकण्यास या मांडणीतच आधार नाही.

६. चरकसंहितेच्या शारीरस्थानात याहून नेमकी यादी सापडते. पूर्वी मूल झालेल्या स्त्रीलाही पुन्हा गर्भ राहण्यास विलंब का होतो, याची कारणे तेथे दिली आहेत : योनीचे विकार, मनाचा ताप, शुक्र व रक्त यांचे दोष, आहारविहारातील चुका, अयोग्य काळी झालेला संयोग आणि बलक्षय. स्त्रीचे शरीर, पुरुषाचे बीज, मन, काळ आणि पोषण, या पाचांचीही दखल तेथे आहे.

७. लक्षणांचा विचार ‘योनिव्यापद’ या प्रकरणात येतो. चरक आणि सुश्रुत दोघेही असे वीस विकार मोजतात. वेदना, स्राव, दाह, पाळी न येणे, गर्भ न टिकणे अशी त्यांची लक्षणे आहेत. चरकाच्या ‘उदावर्तिनी’ या विकारात रज कष्टाने बाहेर पडते आणि स्राव सुरू होताच आराम वाटतो. सुश्रुताच्या यादीत ‘वंध्या’ हा एक स्वतंत्र प्रकार असून जिचे आर्तव नष्ट झाले आहे ती वंध्या, अशी त्याची व्याख्या आहे. या जुन्या विकारांना आजच्या रोगांची नावे चिकटवणे घाईचे ठरेल. परंतु लक्षणांवरून प्रकार वेगळे करण्याची पद्धत तेथे स्पष्ट दिसते.

८. परंपरेतील आणखी एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे : ‘काकवंध्या’. एक अपत्य झाल्यावर जिला पुन्हा मूल होत नाही, ती काकवंध्या. आजचे वैद्यक ज्याला दुय्यम वंध्यत्व म्हणते, त्याची ही जुनी नोंद. एकदा मूल झाले म्हणजे शरीरात दोष असूच शकत नाही, हा समज आजही अनेक घरांत आढळतो. जुन्या वैद्यांना तो मान्य नव्हता.

९. वैद्यांनी कारणे मोजली, धर्मशास्त्राने मात्र वर्षे मोजली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या पत्नी असता आठव्या वर्षी, मुले दगावत असता दहाव्या वर्षी आणि केवळ मुलीच होत असता अकराव्या वर्षी दुसरी पत्नी करण्याची मुभा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वंध्या स्त्रीसाठी आठ वर्षांची मुदत आहे. मूल झाले नाही एवढेच एक लक्षण या नियमांना पुरेसे होते. कारण शोधण्याची अट त्यांत नाही.

१०. याच परंपरेत उलट दिशेचा विचारही होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. नारदस्मृतीत विवाहापूर्वी वराच्या पुरुषत्वाची परीक्षा सांगितली असून, क्षेत्र बीजवानालाच द्यावे असे म्हटले आहे. महाभारतातील नियोगाच्या कथा तर पतीकडून संतती न होण्याच्या शक्यतेवरच उभ्या आहेत. म्हणजे पुरुषाकडे दोष असू शकतो हे ठाऊक होते. घरगुती न्यायात मात्र ते ज्ञान क्वचितच उतरले.

११. महाराष्ट्रातील घरोघरी त्याचे परिणाम दिसत. पिंपळाच्या प्रदक्षिणा, नवस, उपास आणि अंगारे हे सारे स्त्रीच्या वाट्याला येई. डोहाळजेवणात, बारशात तिला मागे ठेवले जाई आणि अखेरीस घरात सवत येई. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधील द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभरातील हिंदूंना लागू झाली. तोपर्यंत हिंदू पतीने मूल नाही या कारणासाठी दुसरे लग्न करण्यास येथे कायद्याची आडकाठी नव्हती.

१२. कारणांचा शोध पुढे सरकायला शरीराच्या आत पाहणे भाग होते. इटलीतील गाब्रिएले फालोप्यो यांनी १५६१ च्या ग्रंथात गर्भाशयापासून निघणाऱ्या दोन नळ्यांचे वर्णन केले. इंग्रजीत त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. नेदरलँड्समधील रेनिए द ग्राफ यांनी १६७२ मध्ये अंडाशयाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तोवर युरोपात या अवयवांना ‘स्त्रीचे वृषण’ म्हणत. द ग्राफ यांना दिसलेले फुगवटे प्रत्यक्षात बीजांडे नव्हती, बीजांडे ज्यांत वाढतात ती पुटके होती.

१३. १६७७ मध्ये आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले. सस्तन प्राण्याचे बीजांड प्रत्यक्ष दिसायला त्यानंतर दीडशे वर्षे गेली. १८२७ साली कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांना ते कुत्रीच्या अंडाशयात आढळले. पुरुषाचे बीज अशा प्रकारे स्त्रीच्या बीजाआधी दृष्टीस पडले. तरीही तपासणीच्या टेबलावर दीर्घकाळ स्त्रीच राहिली.

१४. बीजांड दिसले तरी ते केव्हा सुटते हे कोडेच होते. कुत्रीच्या माजात होणाऱ्या रक्तस्रावाशी तुलना करून एकोणिसाव्या शतकातील अनेक डॉक्टरांनी मानले की स्त्रीचे बीज पाळीच्या सुमारासच सुटते. परिणामी गर्भधारणेसाठी सांगितलेले दिवस चुकत आणि गर्भ टाळण्यासाठी सांगितलेले दिवसही चुकत. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेरमान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की बीजमोचन पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते.

१५. शुक्राणूंची तपासणी वंध्यत्वाच्या निदानात आणणाऱ्यांत अमेरिकेचे जे. मॅरियन सिम्स यांचे नाव येते. १८६६ च्या ग्रंथात त्यांनी संभोगानंतर गर्भाशयमुखातील स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा आग्रह धरला. तेव्हाच्या वैद्यकविश्वाला तो असभ्य वाटला. याच सिम्स यांनी १८४० च्या दशकात अलाबामात अनार्का, बेट्सी, ल्युसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. स्त्रीरोगशास्त्रातील अनेक साधने ज्यांच्या वेदनेतून आली, त्यांना नकार देण्याचा अधिकारच नव्हता.

१६. पुरुषाकडे बोट दाखवणारा सर्वांत धक्कादायक दावा १८७२ साली झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकी करणाऱ्या एमिल नोगरॅट या जर्मन डॉक्टरने लिहिले की पतीला पूर्वी झालेला आणि बरा झाला असे समजलेला परमा पत्नीत छुप्या रूपाने राहतो, तिच्या बीजवाहिन्या सुजवतो आणि तिला वंध्यत्व आणतो. कित्येक पत्नींना त्याचे ठळक लक्षणही जाणवत नसे. १८७६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे मांडले तेव्हा कडाडून विरोध झाला.

१७. विरोधाचे कारण उघड होते. हा सिद्धांत खरा मानला तर ‘वांझ’ ठरलेल्या कित्येक स्त्रिया निर्दोष ठरत आणि प्रतिष्ठित घरांतील पती दोषी. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू शोधला आणि वाद हळूहळू नोगरॅट यांच्या बाजूने झुकला. बीजवाहिन्यांचा जंतुसंसर्ग हे वंध्यत्वाचे एक प्रमुख कारण म्हणून मान्य झाले.

१८. याच काळात ब्रिटिश भारतात १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा लागू झाला. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी ही त्याची मुख्य तरतूद होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर या कायद्याने तशी सक्ती केली नाही. १८८८ मध्ये तो रद्द झाला. संसर्ग दोघांत असताना तपासणी एकाच बाजूची, ही रीत घरापुरती मर्यादित नव्हती. सरकारनेही ती कायद्यात लिहून ठेवली.

१९. भारतात बीजवाहिन्या बंद होण्यामागे आणखी एक मोठे कारण आहे : क्षय. इटलीचे जोव्हानी बात्तिस्ता मोर्गान्यी यांनी १७४४ मध्ये एका तरुणीच्या शवविच्छेदनात जननेंद्रियांच्या क्षयाची नोंद केली होती. रोबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली जाहीर केला. हा क्षय बहुधा फुप्फुसांतून रक्तावाटे बीजवाहिन्यांत व गर्भाशयाच्या अस्तरात पोहोचतो. पाळी कमी होणे, ओटीपोटात दुखणे एवढीच त्याची लक्षणे असतात; अनेकींत तीही नसतात आणि मूल न होणे हीच पहिली खूण ठरते.

२०. लक्षणे कळण्यासाठी ती कोणाला तरी सांगता यायला हवीत. पुरुष डॉक्टरपुढे पाळीविषयी बोलणे त्या काळच्या बहुतेक स्त्रियांना अशक्यप्राय होते. मुंबईत १८८६ साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयात स्त्री डॉक्टरांनी स्त्रियांवर उपचार करण्याची सोय झाली. रखमाबाईंसारख्या डॉक्टर पुढच्या पिढीत आल्या; १८९४ मध्ये त्या विलायतेहून वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे सेवा केली. त्यांच्यापुढे स्त्रीला आपले दुखणे पडदा न ठेवता सांगता येऊ लागले.

२१. आता १९१९ चे न्यूयॉर्क. आयझिडोर रुबिन यांनी गर्भाशयमुखातून वायू आत सोडून त्याचा दाब मोजला. प्रथम प्राणवायू, पुढे कार्बन डायऑक्साइड. बीजवाहिनी मोकळी असेल तर वायू पोटाच्या पोकळीत उतरतो आणि स्त्री उठून बसली की तिच्या खांद्यात कळ येते. वाट बंद असेल तर दाब चढत जातो. कांद्याच्या वासाची जागा खांद्याच्या कळेने आणि दाबमापकाच्या आकड्याने घेतली. पोट न उघडता बीजवाहिन्यांची स्थिती समजू लागली.

२२. वाट मोकळी असूनही गर्भ राहत नसेल तर? त्याची दोन उत्तरे पुढील काही वर्षांत मिळाली. अमेरिकेचे जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात एंडोमेट्रिओसिसचे वर्णन केले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते आणि पाळीत असह्य वेदना होतात. ‘बायकांना दुखायचेच’ म्हणून जे लक्षण पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्षिले गेले, त्यामागे एक ओळखता येणारा विकार होता.

२३. दुसरे उत्तर १९३५ चे. शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी बंद किंवा अनियमित, अंगावर जास्त केस, मोठी आणि पुटकांनी भरलेली अंडाशये. शस्त्रक्रियेने अंडाशयाचा काही भाग काढल्यावर सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली आणि दोघींना गर्भ राहिला. आज पीसीओएस म्हणून घरोघरी परिचित असलेला विकार तो हाच. १७२१ मध्येच आंतोनिओ व्हालिस्नेरी यांनी अशा फुगीर, चकचकीत अंडाशयांची नोंद एका अपत्यहीन विवाहित तरुणीविषयी केली होती.

२४. गर्भ राहतो पण टिकत नाही, हा तिसरा प्रकार. येथे गोव्यातील शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत कीर्ती मिळवलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर महत्त्वाचे ठरतात. गर्भाशयमुख सैल असल्याने चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ निसटतो, हे ओळखून त्यांनी ते टाक्याने आवळण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात मांडली. ‘शिरोडकर टाका’ जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बंद बीजवाहिन्या दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी मोलाचे काम केले.

२५. दुरुस्त न होणाऱ्या बीजवाहिन्यांना वळसा घालण्याचे काम १९७८ मध्ये साधले. २५ जुलैला इंग्लंडमध्ये लुईज ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या दोन्ही बीजवाहिन्या बंद होत्या. ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. मुखोपाध्यायांच्या दाव्यावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

२६. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजले. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे आनंद कुमार यांच्या हाती आली. ती अभ्यासून त्यांनी १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितले की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या नावावरचा मान दुसऱ्याला देण्याची अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात दुर्मीळ आहेत.

२७. एवढ्या प्रवासानंतर ‘वांझ’ या एका शब्दाची फोड अशी होते : बीज न सुटणे किंवा अनियमित सुटणे, बंद बीजवाहिन्या, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाचे दोष व गाठी, थायरॉइड वा अन्य संप्रेरकांचा बिघाड, वाढते वय आणि पुरुषाच्या बीजातील दोष. लक्षणेही तशीच निरनिराळी : अनियमित किंवा बंद पाळी, असह्य वेदना, अवाजवी केस, ओटीपोटातील जुना संसर्ग, वारंवार गर्भपात. आणि कित्येकदा लक्षण एकही नसते.

२८. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे १२ महिने नियमित, असुरक्षित शरीरसंबंध असूनही गर्भ न राहणे म्हणजे वंध्यत्व. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरांकडे जावे, असा सल्ला दिला जातो. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी तरी याचा अनुभव येतो. अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणही गुंतलेले असते.

२९. स्मृतिकारांनी आठ वर्षे थांबून स्त्रीविरुद्ध निकाल दिला. आजचे वैद्यक बारा महिन्यांनी दोघांना एकत्र बोलावते. त्यातही पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी असते : वीर्याचा एक नमुना आणि एक सूक्ष्मदर्शक. लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये जे पाहिले, तेवढेच पाहायचे असते. तरीही अनेक घरांत पत्नीची दुर्बिणीतून तपासणी आधी होते आणि पतीचा नमुना मागाहून, तोही पुष्कळ मनधरणी केल्यावर, दिला जातो.